उतारू, आगगाडी आणि भरपाईचा हक्क

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, आणि उतारूच्या जिवाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न तिच्या मागोमाग आला. त्या वेळचा इंग्रजी न्याय मोठा विलक्षण होता. जखमी माणसास फिर्याद करतां येई. परंतु तो दगावला, म्हणजे त्याचा हक्कही त्याच्याबरोबर संपे. १८४६ सालीं इंग्लंडनें ही उणीव दूर केली, व १८५५ च्या तेराव्या कायद्यानें हिंदुस्थानांतही मृताच्या पतीस वा पत्नीस, आईबापांस आणि मुलांस दाव्याचा मार्ग खुला झाला. मात्र रेल्वेचा हलगर्जीपणा शाबीत करण्याचें ओझें त्यांच्याच शिरावर राहिलें. लालबागच्या चाळींतील विधवेनें सिग्नलचा किंवा रुळाचा दोष कोर्टांत कसा दाखवावा?

१९४३ च्या दुरुस्तीनें हें ओझें हलकें केलें. गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी घसरली, तर दोष कोणाचा हें न पाहतां भरपाई द्यावी, असें ठरलें. मर्यादा १०,००० रुपयांची. परंतु मुंबईकराचा घात टकरीपेक्षां दारांतच अधिक! परळ-दादरच्या गर्दींत दांडीस धरून उभा असलेला उतारू तोल जाऊन पडला, तर त्यास या कलमाचा आधार नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनें मिळाला. गाडींतून अपघातानें पडणें हेंही भरपाईस पात्र ठरलें. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा अशीं कारणें तेवढीं वगळलीं. गाडींत चढतांना पडलेलाही उतारूच, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं सांगितलें. उघड्या दाराशीं उभें राहणें हा निष्काळजीपणा असला तरी गुन्हा नव्हे, असें २०१० सालीं. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची भरपाई ४ लाखांवरून ८ लाख रुपये झाली.

मग अडतें कोठें? तो मनुष्य उतारू होता, हें दाखविण्यांत. रूळ ओलांडतांना सांपडलेल्यास हें कलम लागू नाहीं. म्हणून रुळांवर प्रेत सांपडलें, एवढ्यानें भागत नाहीं. उलट खिशांत तिकीट सांपडलें नाहीं, एवढ्यावरून दावा बुडतही नाहीं. नातेवाइकांनीं प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडावी, पुढें ती खोडण्याचा भार रेल्वेवर, असा निर्णय २०१८ सालीं झाला. अर्ज रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढें, अपघातापासून एका वर्षाच्या आंत करावयाचा असतो. दुःखांत बुडालेल्या घरास हें वर्ष कसें सरलें तें कळत नाहीं. यास्तव शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं सांत्वनाबरोबर अर्जाचीही आठवण द्यावी. तोही शेजारधर्मच होय.