मूल गप्प होतं तेव्हा

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि तिथंच आपली फसगत होते. उपदेशाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. आई करते, आजोबा करतात, गुरुजी करतात, शेजारचे काकाही करतात. समुपदेशक मात्र आधी ऐकून घेतो. मुलाचं ऐकून घेण्याची ही रीत कुठून आली, आणि आमच्या हिंगोलीपर्यंत यायला तिला किती काळ लागला, ते आज सांगायचं आहे.

अमेरिकेतल्या शिकागो इथं १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. चोरी करणारी, घरातून पळणारी मुलं तिथं आणली जात. १९०९ पासून विल्यम हिली हे डॉक्टर अशा मुलांना तपासू लागले. मूल चांगलं की वाईट, हे ठरवण्याआधी ते त्याची हकिकत त्याच्याच तोंडून ऐकत. त्यातून बालमार्गदर्शन केंद्राची कल्पना रुजली. तिथं एका मुलामागे तिघं असत : मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि घरची-शाळेची चौकशी करणारा समाजकार्यकर्ता.

ही कल्पना मुंबईत तशी लवकर पोहोचली. १९३६ मध्ये नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. तिनं १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढलं. देशातलं ते पहिलं मानलं जातं.

तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९४८ मध्ये ते राज्य गेलं, तरी मुंबईतली ही सोय आम्हाला दूरचीच राहिली. मूल रात्री दचकून उठू लागलं की आमच्या घरांत ताईत बांधला जाई, शेजारच्या घरांत अंगारा लावला जाई. काळजी दोन्हीकडे सारखीच. त्या माणसांना मी हसणार नाही. त्यांच्यापाशी होतं ते त्यांनी केलं. आजही दुवा मागावी, आईनं दृष्ट काढावी. फक्त तेवढ्यावर थांबू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलं पुण्याला नेली, त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. अन्न, कपडे, वह्या-पुस्तकं देता येतात. पण ज्यानं घर कोसळताना पाहिलं, त्याच्या मनाचं काय, हा प्रश्न तेव्हा मराठवाड्यासमोर उभा राहिला. आमच्याकडे भूकंपाएवढा आवाज न करणारी संकटंही येतात. सोयाबीन हातचं जातं, हळदीला भाव मिळत नाही. रात्री कर्जाची बोलणी चालतात तेव्हा मूल झोपलंय असं आपण समजतो. ते बहुतेक वेळा जागं असतं.

मग ओळखायचं कसं? एखाद्या दिवसाचा रुसवा हा आजार नव्हे. तीन गोष्टी पाहाव्यात. बदल किती दिवस टिकला? दोन आठवड्यांहून जास्त झाले का? तो घरी, शाळेत, खेळात, सगळीकडे दिसतो का? त्यामुळे झोप, जेवण, अभ्यास अडतो का? बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, बोलकं मूल गप्प होणं, शांत मूल एकाएकी चिडू लागणं, या खुणा आहेत. आणि मूल ‘मला जगायचं नाही’ असं म्हणालं, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता मदत कुठं? २०१३ मध्ये आपल्या राज्यातल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात. त्यांच्यापाशी मनातली शंका बोलावी. ‘ऐकत नाही’ म्हणून मार खाणाऱ्या मुलाला कधी कधी खरोखरच ऐकू येत नसतं. म्हणून आधी कान, डोळे तपासून घ्यावेत. पुढची वाट जिल्हा रुग्णालयाकडे जाते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे. तिथं मराठीतून, दिवसा-रात्री केव्हाही बोलता येतं. मूल संकटात असेल, त्याला कुणी त्रास देत असेल, तर १०९८ आहे.

खासगी समुपदेशकाकडे जाताना त्याचं शिक्षण विचारायला लाजू नये. चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारेही भेटतात. चांगला समुपदेशक मुलाशी एकट्यानं बोलतो, आईवडिलांनाही वेगळं बसवतो. तो आठ दिवसांत गुण येईल अशी हमी देत नाही, आणि मुलाचं बोलणं गावभर करत नाही. फक्त त्याच्या जिवाला धोका दिसला, तर घरच्यांना सांगतो.

मुलाला नेताना ‘तुला डॉक्टरकडे टाकून येतो’ अशी धमकी देऊ नका. ‘तुला जड जातंय ते आम्हाला दिसतंय, आपण मिळून जाऊ,’ एवढं म्हणा. शिकागोहून मुंबईला ही गोष्ट २८ वर्षांत आली. मुंबईहून आमच्या आखाड्यावरच्या घरापर्यंत यायला तिला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली. आता ती फोनच्या अंतरावर आहे. उरलेलं अंतर उंबरठ्याच्या आतलं आहे. ते आपल्यालाच चालायचं आहे.