नेत्रशस्त्रक्रियेतील माहितीपूर्ण संमती

नेत्रशस्त्रक्रियेतील माहितीपूर्ण संमती म्हणजे शस्त्रक्रियेचे स्वरूप, लाभ, धोके व पर्याय समजून घेऊन रुग्णाने स्वेच्छेने दिलेली परवानगी होय. संमतीपत्रावरील सही किंवा अंगठा हा तिचा लेखी पुरावा असतो; रुग्णाला कितपत समजले, हे त्यावरून कळत नाही. म्हणून सहीपूर्वी आकलनाची पडताळणी केली जाते.

पडताळणीची पद्धत

"समजले का?" या प्रश्नाला अनेक रुग्ण संकोचाने वा डॉक्टरांविषयीच्या आदरापोटी होकारच देतात. त्यामुळे 'टीच-बॅक' पद्धतीत रुग्णाला माहिती स्वतःच्या शब्दांत सांगण्यास सांगतात: शस्त्रक्रिया कोणत्या डोळ्याची, कशासाठी, ती न केल्यास काय होईल. उत्तर चुकल्यास समजावणे अपुरे पडले असे मानून तोच भाग अधिक सोप्या शब्दांत पुन्हा सांगतात व पुन्हा विचारतात.

काचबिंदूच्या बाबतीत याची गरज विशेष असते. ही शस्त्रक्रिया डोळ्यातील दाब कमी करून उरलेली दृष्टी टिकविण्यासाठी असते. गेलेली दृष्टी तिने परत येत नाही. मोतीबिंदू काढल्यावर शेजाऱ्याला स्पष्ट दिसू लागल्याचे पाहिलेला रुग्ण मात्र येथेही तीच अपेक्षा धरू शकतो.

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर जवळचे अक्षर धूसर दिसते. त्यामुळे संमतीपत्र थेंबांपूर्वी द्यावे किंवा वाचून दाखवावे लागते. ही बाब साधी असली तरी घाईत सहज सुटते.

न्यायालयीन निर्णय

ऑस्ट्रेलियातील 'रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर' (१९९२) हा खटला नेत्रशस्त्रक्रियेतूनच उद्भवला. लहानपणी इजा होऊन जवळजवळ निकामी झालेल्या उजव्या डोळ्यावर १९८४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर डाव्या, चांगल्या डोळ्यात सहानुभूतिजन्य नेत्रदाह होऊन रुग्ण स्त्री जवळजवळ पूर्ण अंध झाली. हा धोका सुमारे १४,००० मध्ये एक इतका अल्प होता. तिने त्याविषयी नेमके विचारले नसले, तरी संभाव्य गुंतागुंतींबद्दल वारंवार विचारणा केली होती आणि चांगल्या डोळ्याला अपाय होऊ नये ही तिची चिंता उघड होती. असा धोका तिच्या दृष्टीने महत्त्वाचा असल्याने तो सांगणे आवश्यक होते, असे उच्च न्यायालयाने ठरविले. रुग्णाचे प्रश्न ऐकणे हाही पडताळणीचाच भाग आहे, हे या प्रकरणातून दिसते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' (२००८) या स्त्रीरोगविषयक प्रकरणात संमती खरी व वैध असावी, असे म्हटले. मात्र किती माहिती द्यावी, याचा निकष वैद्यकीय व्यवसायातील मान्य प्रथेवर सोपविला.