आकाशातली जागल: १२१ खुणा आणि नकाशावरचा माणूस

कारंजा लाडहून बोलतोय. रात्रीचे साडेअकरा झालेत, बाहेरची वर्दळ आत्ताशी थांबली म्हणून माइक सुरू केलाय. मध्येच ट्रकचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या.

आजचा भाग म्हणजे माझ्याच एका जुन्या भागाची दुरुस्ती आहे. काही महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नाइट फायटर वैमानिकांवर बोललो होतो. रात्रीच्या अंधारात ब्रिटिश बॉम्बर विमानं शोधून पाडणारे हे वैमानिक. आता तो भाग परत ऐकला तर लाज वाटते, कारण मी तो क्रिकेटच्या धावफलकासारखा वाचलाय. श्नाउफर १२१, लेंट ११०, विटगेनश्टाइन ८३. मागे जोशपूर्ण संगीत. भाग चालला मात्र जोरात.

मग गावातल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. शाळेत गणित शिकवायचे. म्हणाले, "ऐकला तुझा कार्यक्रम. आवाज चांगला लागलाय. पण मले एक सांग बाबू, त्या एका विमानात माणसं किती राहत?"

"लँकॅस्टर असेल तर सात, गुरुजी."

"मग एकशे एकवीस गुणिले सात?"

मी मनातल्या मनात गुणाकार करत बसलो. "आठशे सत्तेचाळीस."

"हां. तो आकडा काही तू सांगितला नाहीस," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता हिशेबाच्या दृष्टीने ८४७ हा आकडा काटेकोर नाही. प्रत्येक पडलेलं विमान लँकॅस्टर नव्हतं, वेलिंग्टनसारख्या आधीच्या विमानात माणसं कमी असत, आणि काही जण पॅराशूटने वाचलेही. हे सगळं मी गुरुजींना सांगू शकलो असतो. पण सांगितलं नाही, कारण त्यांचा प्रश्न तो नव्हताच.

तर आज तीच गोष्ट पुन्हा, दोन्ही बाजूंनी.

सुरुवात १९४० पासून. दिवसाढवळ्या जर्मनीवर गेलेली बॉम्बर विमानं फार पडायला लागली म्हणून ब्रिटिशांनी रात्री जायला सुरुवात केली. मग जर्मनांनाही रात्री उडावं लागलं. जून १९४० मध्ये वोल्फगांग फाल्क या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचं पहिलं नाइट फायटर दल उभं राहिलं. विमान होतं मेसरश्मिट ११०, दोन इंजिनांचं.

पण रात्री शोधायचं कसं? आपल्याकडे जे जागलीला जातात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हरभऱ्यात रानडुक्कर शिरलंय, रोह्यांचा कळप आलाय, हे कानाला कळतं. पण डोळ्याला बोट दिसत नाही. आकाशात तर इंजिनाच्या आवाजात कानही गेले. म्हणून जनरल कामहुबर यांनी किनाऱ्यालगत आकाशाचे चौकोन पाडले. एक चौकोन साधारण ३२ किलोमीटर लांब आणि २० रुंद. म्हणजे लांबी इथून मूर्तिजापूरएवढी धरा. प्रत्येक चौकोनाला जमिनीवर रडार, आणि वर घिरट्या घालणारं एक विमान. खालचा माणूस रेडिओवर सांगणार: डावीकडे वळ, अजून थोडं वर, आता समोर बघ.

हे तंत्र ज्याने बसवलं तो लुडविग बेकर. १६ ऑक्टोबर १९४० ला जमिनीवरच्या रडारच्या मदतीने त्याने पहिलं विमान पाडलं. पुढे विमानातच बसवलेलं रडार आलं, त्याचाही वापर करून दाखवणाऱ्या पहिल्या वैमानिकांत तोच होता. नवी पोरं त्याच्याकडून शिकत. आणि त्याचा शेवट कसा झाला? फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याला दिवसा अमेरिकन बॉम्बर विमानांवर पाठवलं. रात्रीचा वस्ताद, भर दुपारी, दुसऱ्याच प्रकारच्या लढाईत. तो परत आलाच नाही. वरच्यांनी आपलाच हुशार माणूस असा वाया घालवल्याची उदाहरणं त्या दलात बरीच आहेत.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवर जाताना ब्रिटिशांनी विमानांतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे खाली सोडले. साधा चमकता कागद म्हणा ना. जर्मन रडारच्या पडद्यावर विमानंच विमानं दिसायला लागली आणि सगळे चौकोन एका रात्रीत निकामी झाले. त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत हॅम्बर्गमध्ये चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक साधे नागरिक. जुन्या भागात मी हे एका वाक्यात उरकलं होतं. जर्मन वैमानिक वर का उडत होता याचं एक उत्तर त्या शहरात होतं, हे नाकारता येत नाही. आणि तो ज्या सरकारसाठी उडत होता त्या सरकारने काय काय केलं होतं, तेही नाकारता येत नाही. दोन्ही एकदम डोक्यात ठेवायचं म्हणजे अवघड जातं, पण त्याला इलाज नाही.

आता मंडळी, आपण विमान बदलूया. मागून पाठलाग करणाऱ्यातून उतरून, पुढे चाललेल्या लँकॅस्टरमध्ये बसूया. कारण तिथे एक ओळखीचं आडनाव आहे.

शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ब्रिटिश हवाई दलाच्या ८३ स्क्वॉड्रनमधले नॅव्हिगेटर. हे स्क्वॉड्रन पाथफाइंडर दलातलं, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन लक्ष्यावर रंगीत दिवे टाकून जागा दाखवणारं. मागून येणारी शेकडो विमानं त्या दिव्यांवर बॉम्ब टाकणार. वाट दाखवणाराच चुकला तर सगळा ताफा चुकला. त्यामुळे या दलात नॅव्हिगेटर निवडून घेत. सुखटणकरांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. बॉम्बर कमांडमध्ये भारतीय माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातला एक हा आपल्या भाषेतल्या आडनावाचा. मी श्नाउफरच्या विमानाचा रंगसुद्धा पाठ केला होता आणि हे नाव मला माहीत नव्हतं.

लँकॅस्टरमधला नॅव्हिगेटर बसतो कुठे ते ऐका. वैमानिकाच्या मागे, एका छोट्या टेबलाशी, पडदा ओढून. टेबलावरच्या दिव्याचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून तो पडदा. सहा-सहा, आठ-आठ तास तो नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन हिशेब करत असतो. वारा किती, वेग किती, आपण नेमके कुठे. बाहेर शहर जळतंय ते त्याला दिसत नाही. मागून कोणी येतंय तेही दिसत नाही. कळतं ते एवढंच, की शेपटाकडचा गनर ओरडला आणि वैमानिकाने विमान एका अंगावर पाडून खाली झोकलं, नकाशा-पेन्सिल सगळं उडालं. विमान सरळ झालं की खाली वाकून पेन्सिल शोधायची आणि नवा हिशेब मांडायचा. आठशे सत्तेचाळीसातला दर सातवा माणूस हा असा पडद्याआड बसलेला होता.

१९४३ पासून तर गनरलाही दिसेना. जर्मनांनी विमानाच्या पाठीत वर तोंड केलेल्या तोफा बसवल्या. बॉम्बरच्या थेट पोटाखाली यायचं, जिथे लँकॅस्टरला सहसा तोफच नव्हती, आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर मारा करायचा. बॉम्ब असतात तिथे मारायचं नाही, नाहीतर शिकारीही सोबत जाणार. बऱ्याच विमानांना आपल्यावर कोणी हल्ला केला हे शेवटपर्यंत कळलंच नाही.

बाहेर पडायचं म्हटलं तर लँकॅस्टरचं पुढचं दार फक्त २२ इंच रुंद. अंगावर जाडजूड कपडे, त्यावर पॅराशूट, आणि विमान गरगरतंय. पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेला फ्रीमन डायसन तेव्हा विशीतला पोरगा होता आणि बॉम्बर कमांडमध्ये आकडेमोडीचं काम करत होता. हे दार अरुंद आहे, त्यामुळे माणसं मरताहेत, हे तिथल्या आकड्यांतून दिसत होतं. दार मोठं करायला युद्ध संपत आलं.

जागलीवरून अजून एक आठवलं. शेतात टॉर्च लावला की जनावर दिसतं, पण तुम्ही कुठे आहात ते सगळ्या शिवाराला कळतं. ब्रिटिशांनी बॉम्बरच्या शेपटाला 'मोनिका' नावाचं यंत्र लावलं होतं, मागून कोणी आलं तर इशारा देणारं. जर्मनांनी त्या मोनिकाच्याच लहरी पकडणारं यंत्र बनवलं. म्हणजे जे राखायला लावलं तेच हाका मारून बोलावत होतं! हे ब्रिटिशांना कळलं जुलै १९४४ मध्ये, तेही एक जर्मन विमान वाट चुकून इंग्लंडातल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरलं म्हणून. तोवर किती विमानं त्या हाकेने गेली असतील, विचार करा. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं निघाली. आकाशात चंद्र होता. ९५ परत आली नाहीत.

आता मुद्द्याचं, जे मी मागच्या वेळी साफ चुकवलं. बॉम्बर कमांडच्या माणसाला एक संख्या दिलेली असे. तीस फेऱ्या पूर्ण केल्या की सुट्टी, मग काही महिने शिकवायचं काम. पाथफाइंडरसाठी पंचेचाळीस. त्या आकड्यापर्यंत पोचणं कठीणच होतं. सव्वा लाखाच्या आसपास माणसांपैकी ५५,५७३ मेली. पण आकडा होता. रात्री अंथरुणात पडून "अजून अकरा राहिल्या" असं मोजता येत होतं.

जर्मन वैमानिकाला असा आकडाच नव्हता. त्याचे आकडे वर चढत जायचे, पण ते पुरे झाले असं कोणी म्हणत नव्हतं. पन्नास झाले की पदक, शंभर झाले की त्याहून मोठं पदक, आणि संध्याकाळी पुन्हा विमानात. मला पूर्वी वाटायचं, की जर्मनांचे आकडे एवढे मोठे कारण ते जास्त कुशल. कौशल्य होतंच. पण मोठं कारण हे, की त्यांना कोणी घरीच जाऊ दिलं नाही. आणि ही मोठी नावं म्हणजे मूठभर. बाकीची पोरं एखादं विमान पाडून किंवा तेही न पाडता गेली. त्यांची यादी कोणी यूट्यूबवर वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

प्रिन्स विटगेनश्टाइन पहिल्या नंबरासाठी झपाटलेला होता. २१ जानेवारी १९४४ च्या रात्री त्याने मॅग्डेबुर्गला जाणाऱ्या ताफ्यातली एकामागून एक विमानं पाडली आणि मग स्वतः पडला. मागे बसणारा रेडिओवाला पॅराशूटने वाचला, म्हणून ती हकिगत कळते. त्याच रात्री मान्फ्रेड मॉयरर, ६५ विमानं पाडलेला, एका बॉम्बरवर आदळून गेला. एका रात्रीत दोन.

हेल्मुट लेंट हा पाद्र्याचा मुलगा. त्याचे भाऊही पाद्री, आणि हिटलरच्या कह्यात जायला नकार देणाऱ्या चर्चमधले. हा मात्र त्याच राजवटीचा नावाजलेला वैमानिक. ११० विमानं पाडली, पण गेला तो लढाईत नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये पाडरबोर्नला उतरताना एक इंजिन बंद पडलं, विमान विजेच्या तारांत अडकलं. सोबतचे तिघेही गेले. बर्लिनला सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, गोअरिंग स्वतः हजर. त्याच्या भावांना तो सोहळा बघताना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

हाइन्झ-वोल्फगांग श्नाउफर तेवढा वाचला. बेल्जियमच्या सिंट-ट्रुइडेनहून उडायचा. २१ फेब्रुवारी १९४५ ला एका दिवसात नऊ विमानं: दोन पहाटेच्या अंधारात, सात संध्याकाळी वीसेक मिनिटांत. म्हणजे साठेक माणसं. युद्ध तेव्हा हरल्यातच जमा होतं. वय २३. त्याचा रेडिओवाला रुम्पेलहार्ट आणि गनर गेन्सलर हेही युद्धातून जिवंत सुटले, हे त्या दलात नवलच. नंतर श्नाउफरने घरचा वाइनचा धंदा हाती घेतला. जुलै १९५० मध्ये त्याच कामासाठी फ्रान्समध्ये गेला असताना एका ट्रकशी टक्कर झाली आणि तो गेला. वय २८.

हा भाग तयार झाल्यावर मी गुरुजींच्या घरी जाऊन त्यांना आधी वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्या सुखटणकरांनी टाकलेल्या दिव्यावर जे बॉम्ब पडले, त्याखाली किती माणसं, तो गुणाकार पण घे मग." मी म्हटलं, "गुरुजी, तो मला येत नाही." म्हणाले, "मलेही येत नाही." मग काकूंनी चहा आणला.

लंडनला कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी बघून या. श्नाउफरच्या विमानाचं शेपूट तिथल्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे, त्यावर १२१ खुणा ओळीने रंगवलेल्या. युद्धानंतर ते विमान हाइड पार्कात लोकांना बघायला ठेवलं होतं. आणि हेन्डनच्या हवाई दल संग्रहालयात आर ५८६८ क्रमांकाचं लँकॅस्टर उभं आहे. आधी ते सुखटणकरांच्या स्क्वॉड्रनचंच, म्हणजे ८३ चं होतं. त्याच्या नाकाजवळही ओळीने खुणा आहेत, शंभराहून जास्त, एका फेरीची एक. वैमानिकाच्या खिडकीखाली त्या सापडतील. नॅव्हिगेटरची जागा बाहेरून दिसत नाही.

पुढच्या भागात घराजवळ येऊ: जानेवारी १९४३, कलकत्त्यावर जपानी विमानं, आणि ब्रिटिश सार्जंट प्रिंगने एका रात्रीत पाडलेली तीन विमानं. त्या विमानांतल्या माणसांसकट. भेटूया.