पिठाचा बळी

शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या वैदिक ग्रंथाच्या पहिल्याच कांडात पुरोडाश भाजण्याचा विधी आहे. पुरोडाश म्हणजे तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाचा, खापरांवर भाजलेला जाड रोट. तो यज्ञात आहुती म्हणून द्यायचा. विधी सांगता सांगता ग्रंथकार मध्येच एक कथा सांगतो. देवांनी आधी माणसाचा बळी दिला, तेव्हा त्याच्यातला ‘मेध’, म्हणजे यज्ञाला लागणारं सत्त्व, निसटून घोड्यात गेला. घोड्यातून बैलात, बैलातून मेंढ्यात, मेंढ्यातून बोकडात, आणि शेवटी जमिनीत. देवांनी जमीन खणली तेव्हा तो भात आणि जव या रूपांत सापडला. मग येतो तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. कोरडं पीठ म्हणजे पशूचे केस. त्यावर पाणी ओतलं की कातडी. मळलं की मांस. भाजलं की हाड. आणि उतरवताना वर तूप सोडलं की मज्जा. पाच अंगांचा पशू पुरा झाला.

ऐतरेय ब्राह्मण हा त्याच जातीचा दुसरा ग्रंथ याहून बारकाईने पाहतो. तिथे दाण्याचं कुसळ म्हणजे केस, तूस म्हणजे त्वचा, कांडताना निघणारा कोंडा म्हणजे रक्त आणि पीठ म्हणजे मांस.

पिठाकडे असं पाहणारी नजर मला बरेच दिवस नुसती विलक्षण वाटत होती. पुढे चीनच्या इतिहासात इ.स. ५१७ सालचा एक हुकूम वाचला आणि दोन टोकं एकदम जुळली. आजच्या नानजिंगहून दक्षिण चीनवर राज्य करणाऱ्या लिआंग घराण्याच्या वू या बौद्ध सम्राटाने फर्मावलं की पितरांच्या मंदिरात यापुढे जनावर मारायचं नाही. बळीचं जनावर पिठाचं करायचं. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. चिनी मठांत शतकानुशतकं शिजणारं आणि आज जगभर शाकाहारी मांस म्हणून विकलं जाणारं जे अन्न आहे, त्याचा उगम जिभेच्या हौसेत नाही, वेदीवर आहे. मांसाची नक्कल आधी पितरांसाठी झाली, माणसाच्या ताटात ती नंतर आली.

बौद्ध म्हणजे शाकाहारी, हा समज इथेच बाजूला ठेवायला हवा. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, असं मांस भिक्षूला चालतं, हा बुद्धाचा नियम. मासे-मांस सर्वांनाच बंद करा, ही देवदत्त या शिष्याची मागणी त्याने फेटाळली. बुद्धाच्या शेवटच्या भोजनातलं सूकरमद्दव म्हणजे डुकराचं मांसच, असं मूळचे गोव्याचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’मध्ये निर्भीडपणे मांडलं आणि त्यावर मोठं वादळ उठलं. नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारू न पिणं आहे, पण मांसाहाराला बंदी नाही. श्रीलंका, थायलंड, तिबेट इथले भिक्षू मांस खात आले आहेत. कडक शाकाहार आला तो महायानातल्या लंकावतारासारख्या सूत्रांतून. कांदा-लसूणही त्यांनी वर्ज्य केला. आणि ही शिकवण चीनमध्ये रुजली ती मुख्यतः वू सम्राटाच्या आग्रहामुळे.

मात्र बुद्धाने यज्ञाबद्दल जे सांगितलं ते माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या कूटदंत सुत्तात कूटदंत नावाचा ब्राह्मण मोठा पशुयज्ञ मांडून बसलेला आहे आणि यज्ञ कसा करावा हे विचारायला तो बुद्धाकडेच येतो. बुद्ध त्याला एका जुन्या राजाच्या यज्ञाची गोष्ट सांगतो. त्या यज्ञात गाय मेली नाही, बोकड मेला नाही, यूपासाठी, म्हणजे पशू बांधायच्या खांबासाठी, झाडही तोडलं नाही. तूप, तेल, लोणी, दही, मध आणि काकवी यांवर तो यज्ञ पार पडला. या सुत्ताचं एक रूप दीघनिकायाला समांतर अशा दीर्घागमाबरोबर इ.स. ४१३ मध्ये चिनी भाषेत उतरलं होतं. म्हणजे वूच्या हुकुमाआधी शंभर वर्षं, रक्ताविना यज्ञ होऊ शकतो, ही कल्पना चीनमध्ये वाचायला उपलब्ध होती.

पण तूप-मध निराळं आणि पिठाचा पशू निराळा. पशूची आकृती करण्याची चाल भारतात होती का? होती, आणि तीही फार जुनी. वरुणप्रघास या चातुर्मास्य यज्ञात जवाच्या पिठाचा मेंढा आणि मेंढी करायची, असं शतपथच सांगतं. इतकंच नव्हे, त्यांना लोकर चिकटवायची. योग्य लोकर मिळाली नाही तर कुशाची पाती लावायची. कणकेच्या मेंढीला लोकर लावत बसलेला ऋत्विज डोळ्यांसमोर आणा. नक्कल हुबेहूब हवी, हा हट्ट तेव्हापासूनचा आहे.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ब्राह्मणग्रंथांना अहिंसा अभिप्रेत नव्हती. पशुयागातही पुरोडाश असेच, बोकडाबरोबर. पीठ पशूच्या जागी आलेलं नव्हतं, पशूच्या जोडीला होतं. जागा कोणाची, यावर पुढे जे भांडण झालं ते महाभारताच्या शांतिपर्वात नोंदलं आहे आणि ते आहे एका शब्दावर. यज्ञात ‘अज’ अर्पावा, असं वचन. देव म्हणाले, अज म्हणजे बोकड. ऋषी म्हणाले, अज म्हणजे बी-धान्य. निवाड्याला वसू उपरिचर राजाला बसवलं. त्याने देवांचा कल पाहून बोकडाच्या बाजूने कौल दिला आणि ऋषींच्या शापाने तो आकाशातून जमिनीच्या पोटात गेला. जैनांनी हीच कथा घेऊन तिला धार लावली. तिथे नारद आणि पर्वत हे दोघे गुरुबंधू भांडतात. नारदाचा अर्थ असा: अ-ज, म्हणजे जे पुन्हा उगवणार नाही असं तीन वर्षांचं जुनं धान्य. त्यात जीव उरलेला नाही, म्हणून ते चालतं.

भाषाशास्त्राने निकाल द्यायचा तर तो सरळ देवांच्या बाजूने लागतो. बोकड या अर्थाचा अज अतिशय प्राचीन आहे आणि त्याचा सख्खा भाऊ दूर लिथुएनियन भाषेतही बोकडच आहे. ‘न जन्मलेला’ हा अज वेगळा. नुसतं उच्चारसाम्य. म्हणजे व्युत्पत्ती ऋषींची चुकली. पण मला ती चूक फार मोलाची वाटते, कारण जिंकली तीच. वसूला जमिनीत गाडणाऱ्या कथाकारांनी शब्दाचा अर्थ बदलला नाही, त्यांनी शब्दात धान्याला शिरायला वाट करून दिली. मेध जमिनीत शिरला आणि धान्य होऊन निघाला, ही शतपथातली कथा आणि अजाचा हा वाद, दोन्ही एकाच उताराने वाहतात.

आता नानजिंगला जाऊ. लिआंगनंतरच्या सुई घराण्याच्या इतिहासातल्या विधिखंडात ५१७ सालची हकीकत नोंदलेली आहे. पितरांपुढे पिठाचं जनावर ठेवा, असा हुकूम सुटला आणि दरबारापासून बाजारापर्यंत गलका झाला. चिनी भाषेत एखाद्या घराण्याच्या पितरांना ‘रक्ताचं अन्न’ मिळेनासं झालं, असं म्हटलं की त्याचा अर्थ ते घराणं बुडालं. सम्राट स्वतःच आपल्या पितरांना उपाशी ठेवतो आहे, असं लोकांना वाटलं. वू हटला नाही. मग मंत्र्यांनी मधला मार्ग सुचवला: बळीच्या बैलाच्या जागी वाळवलेल्या मांसाचा मोठा तुकडा ठेवू. त्याच साली दहाव्या महिन्यात सम्राटाने विचारलं, हे सुकं मांस तरी कशाला? तेव्हा त्याच्या जागी मोठी पोळी आली आणि बाकी सगळी भाजी-फळं.

पिठाचा पशू, मग सुकं मांस, मग पोळी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या हुकुमातल्या पिठाला बैलाचा आकार होता का, हे ग्रंथ सांगत नाही. माझा तर्क, होता. कारण त्याच सालच्या दुसऱ्या एका हुकुमात वूने राजाच्या विणकरांना किनखापावर सिद्धपुरुष, पक्षी आणि पशू विणायला मनाई केली. कापड बेतताना त्यांच्यावर कात्री चालते, आणि ते करुणेला सोडून आहे, हे कारण. चित्रातला पक्षी कापण्याने ज्याच्या मनाला टोचत होतं, त्याला पिठाच्या बैलावर सुरी चालणं किती दिवस सोसलं असेल? शेवटी आकार नसलेली पोळीच उरली, यात मला तेच मन दिसतं.

हीच शंका आपल्याकडे जैनांनी टोकाला नेली. राजा यशोधर आईच्या आग्रहाखातर कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा कापतो. रक्त सांडत नाही, पण मनात कोंबडा मारलेला असतो. त्या एका संकल्पापायी मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागतं. सोमदेवाने ९५९ साली राष्ट्रकूटांच्या अमलाखाली संस्कृतात लिहिलेलं ‘यशस्तिलक’ याच कथेवर उभं आहे. नक्कल केली तरी हिंसा उरतेच, हा त्यातला कडवा निर्वाळा. आजही शाकाहारी माणसाने मांसासारखं दिसणारं का खावं, असा प्रश्न कोणी विचारतं, तेव्हा तो यशोधराच्या कथेचाच प्रश्न असतो.

माझ्या मताला दोन तगडे विरोधक आहेत. पहिला म्हणतो, पिठाचा बळी ही अस्सल चिनी युक्ती आहे, भारताला श्रेय कशाला? तिसऱ्या शतकातला सेनानी झूगे लिआंग याला देवतेला माणसांची मुंडकी वाहायला सांगितली, तेव्हा त्याने पिठाचे गोळे वाहिले आणि त्यातून मांथोऊ हा वाफवलेला पाव जन्मला, अशी कथा आहे. कथा सुंदर आहे, पण ती ग्रंथात सापडते ती अकराव्या शतकात, झूगे लिआंग वारल्यावर आठशे वर्षांनी. तोवर वूचा हुकूम पाचशे वर्षांचा जुना झालेला होता. माझ्या मते ही कथाच त्या हुकुमाच्या सावलीत वाढली.

दुसरा विरोधक अधिक भक्कम आहे. तो म्हणतो, नक्कल आली ती पाहुणचारातून. पुरावा आहे. नवव्या शतकात पश्चिम चीनचा सुभेदार छुई आनछियेन हा बौद्ध होता. तो स्वतः शाकाहारी जेवे, पण अधिकाऱ्यांना मेजवानी देताना पीठ आणि कोंजाक, म्हणजे आपल्या सुरणाच्या गोतातला कंद, रंगवून डुकराचा खांदा आणि मेंढ्याची तंगडी बनवून घेई आणि ती हुबेहूब दिसत. तेराव्या शतकात लिन होंग या लेखकाने दुधी आणि गव्हाच्या चिवट लगद्याच्या ‘खोट्या तळलेल्या मांसा’ची कृती लिहून ठेवली. त्यात दुधी चक्क चरबीत तळायचा आहे. ही भिक्षूची पाककृती नाही, रसिकाची आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण ही मंडळी तीन ते सात शतकं नंतरची आहेत. खांदा आणि तंगडी हेच तुकडे का निवडले, हेही पाहा. बळीच्या ताटात ठेवायचे तुकडे असेच असत.

आता तो चिवट लगदा. चिनी लोक त्याला मियेनजिन म्हणतात. कणीक घट्ट मळायची, पाण्यात धुवत राहायची, पांढरं पाणी ओतून टाकायचं, आणि हातात रबरासारखा तंतुमय गोळा उरतो. त्यात मांसाचा दंश आहे. अकराव्या शतकात शेन क्वो या विद्वानाने पोलाद कसं होतं हे समजावताना हाच दाखला दिला: मऊ पीठ धुऊन गेलं की कणकेतला स्नायू दिसतो, तसं लोखंडातलं पोलाद. मराठी घरात हे काम उलट्या दिशेने चालतं. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून आपण चीक ठेवतो आणि चोथा गुरांना घालतो. चिनी मठाने जे राखलं ते आपल्या अंगणात चोथ्याबरोबर जातं.

मियेनजिन वू सम्राटाने शोधला, असं चीनमध्ये लोक सांगतात. तसा लेखी आधार नाही. ५१७ च्या हुकुमात नुसतं पीठ आहे. तो हुकूम आणि शेन क्वोचा दाखला यांच्यामध्ये पाचशे वर्षांची फट आहे. पण सहाव्या शतकातल्याच जिया सिश्येच्या शेतीग्रंथात कणकेचे तुकडे पाण्याच्या भांड्यात भिजत घालून मग दाबून पातळ करायची रीत दिली आहे. कणीक पाण्यात राहिली की हा लगदा कोणाच्या तरी बोटांना लागणारच. तो लागला असणार, आणि पिठाला पशूचं रूप द्यायचं आहे हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानेच त्याला मांस मानलं असणार. शोध हाताने लावला, पण ओळख आधीच्या विधीने पटवली.

वूचा शेवट वाईट झाला. ५४९ मध्ये बंडखोरांच्या कैदेत ८० पार केलेला हा सम्राट उपासमारीत गेला. ८१९ साली हान यू या कन्फ्यूशियन अधिकाऱ्याने बुद्धाच्या अस्थीच्या पूजेविरुद्ध लिहिलेल्या प्रसिद्ध अर्जात हाच दाखला फेकला: पितरांना बळी नाकारला, म्हणून स्वतः उपाशी मेला. पण हुकूम टिकला नाही तरी मठ टिकले आणि त्यांची स्वयंपाकघरंही.

आपल्याकडे पिष्टपशूचा, म्हणजे पिठाच्या पशूचा, धागा मध्वाचार्यांच्या परंपरेने पुढे चालवला. गोव्यातले वैष्णव सारस्वत त्याच परंपरेतले. इतरत्र बोकडाच्या जागी कोहळा आला, आणि कापलेल्या कोहळ्यात कुंकू भरलं की ऐतरेयातलं कोंड्याचं रक्त आठवतं. या चालींची लेखी नोंद फार थोडी आहे. तुमच्या कुळाचारात कणकेचा, उडदाचा किंवा तांदळाच्या पिठाचा पशू करण्याची रीत असेल, तर पीठ कोणतं, आकार कोण देतं, कापतं कोण आणि मग ते खातात की विसर्जन करतात, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.