सुप्याचा बाजार आणि दोनदा फेडलेले कर्ज



इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार फारच तोकडा आहे. सातवीनंतर आम्ही शाळेचे तोंड पाहिले नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत, आणि तेही बहुधा कुणाच्या तरी अडलेल्या कामापायी. आजचा विषयही अशाच एका अडलेल्या कामातून आमच्यापुढे आला, तेव्हा आधी ते काम सांगतो.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा एक सभासद. मुलीचे लग्न ठरले म्हणून त्याने फ्रिज, कपाट, धुलाईयंत्र असा ६४,५०० रुपयांचा सौदा एका दुकानात केला. पैसे देताना कार्ड यंत्रात घातले. यंत्र बराच वेळ घुटमळले आणि रेंज गेली. चिठ्ठी काही आली नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘काका, परत एकदा टाका.’ काकांनी टाकले; चिठ्ठी आली, सामान घरी गेले. रात्री पाहतात तो खात्यातून ६४,५०० दोनदा गेलेले! दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, ‘आमच्याकडे एकदाच जमा झालेत, तुम्ही बँकेत विचारा.’ बँकेत खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, ‘आमच्या बाजूने व्यवहार पूर्ण आहे, दुकानदाराकडून तसे लिहून आणा.’ दुकानदार लिहून देईना. जे पैसे आपल्याला मिळालेच नाहीत, त्यांबद्दल आपण काय लिहून द्यायचे, असे तो म्हणे, आणि त्याचेही काही अगदीच चूक नव्हते. चौथ्या खेपेला आमचे सभासद कचेरीत येऊन बसले आणि म्हणाले, ‘अण्णा, चूक माझी नाही. मग हेलपाटे माझेच का?’

या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. परंतु हाच प्रश्न आपल्या याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि त्या वेळी तो कचेरीत नव्हे, भर बाजारात विचारला गेला, एवढे आम्हांस स्मरत होते.

बुधवार, १२ मे १८७५. सुप्याच्या बाजाराचा दिवस. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. शहाजीराजांच्या पुणे-सुप्याच्या जहागिरीमुळे या गावाचे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि त्यांनी गुजर सावकारांची घरे व दुकाने धरली. सुप्यात माल लुटला गेला, हे लपविण्याचे कारण नाही. एका दिवसाच्या आत चौदा मैलांवरील एका गावी बड्या सावकाराचा वाडा पेटला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातील गावोगाव पसरले. पुणे आणि नगर मिळून ९५१ लोकांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

परंतु सरकारी चौकशीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा नमूद झाली, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. जमावाला बहुतेक ठिकाणी पैसा नको होता, कागद हवा होता. कर्जरोखे, हुकूमनामे, वह्या बाहेर काढा, एवढीच मागणी. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तेथे ते फाडून जाळून लोक घरी गेले. जेथे नाकारले तेथेच बहुधा मारहाण वा आग झाली. भुकेला मनुष्य धान्याची कोठी फोडील. हे लोक खतांची पेटी फोडत होते.

याचे कारण कळण्यास त्या काळचे हिशेब कसे चालत ते पाहिले पाहिजे. सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. खुद्द बारामती हे बाबूजी नाइकांचे गाव. त्यांची सावकारी पेशव्यांपर्यंत पोचलेली, आणि त्यांच्याच आश्रयाने कवी मोरोपंत येथे राहिले. पूर्वीही कूळ नाडले जात असेच. पण जुन्या सावकाराला वसुलीसाठी गावातच राहून गावाच्या कलाने घ्यावे लागे. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये हा दामदुपटीचा नियम लोकांच्या तोंडी होता. इंग्रजी अंमलात त्याच्या हाती दिवाणी कोर्ट आले. आणि कोर्टाला कागद वाचता येत होता. कागदामागची हकिकत वाचता येत नव्हती.

हकिकत अशी असे. कूळ खळ्यावर ज्वारीची पोती घाली. त्यांची किंमत वहीत मांडायची ती सावकाराने. पावती नाही. कर्ज फिटले तरी जुना रोखा परत मिळेलच असे नाही. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, कुळावर जुनी भुते बसू नयेत हा. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत करून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. दरमहा शेकडा दोन रुपये दर धरला, तर शंभराचे खत तीन वर्षांनी एकशे बहात्तरचे होई, सहा वर्षांनी दोनशे शहाण्णवचे, आणि नऊ वर्षांनी पाचशे नऊचे. हा हिशेब आम्ही युनियनच्या पाटीवर मांडून दाखवला तेव्हा तरुण कामगारांनी तो दोनदा पडताळून पाहिला. त्यातच जुने खत फाडायचे राहून गेले (राहून गेले की ठेवून दिले, हे देवच जाणे), तर एकाच उसनवारीची दोन खते सावकाराच्या पेटीत!

याहूनही वाईट गोष्ट दिवाणी कामकाजाच्या कायद्यात होती. १८५९ च्या आठव्या कायद्याचे २०६ वे कलम असे होते की, हुकूमनाम्याची रक्कम कोर्टात भरली पाहिजे; कोर्टाबाहेर काही फेड झाली असेल, तर जोवर स्वतः हुकूमनामेदार कोर्टाला तसे कळवीत नाही, तोवर कोर्ट ती फेड मानणार नाही. आता सुप्याचा कुणबी पैसे घेऊन कोर्टात जाणार, की सावकाराच्या ओट्यावर जाणार? तो ओट्यावर जाई. सावकार पैसे घेई आणि कोर्टाला कळवण्याचे विसरे. मग त्याच हुकूमनाम्याची बजावणी पुन्हा निघे, बैल जप्त होत, आणि कूळ ‘मी दिले आहेत हो’ म्हणून कितीही ओरडले तरी कोर्ट विचारी, ‘हुकूमनामेदाराने कळवले आहे काय?’ म्हणजे ज्याने दोनदा पैसे घेतले त्यानेच तसे लिहून दिले तर दुसरी वसुली थांबायची. आमच्या सभासदाला ‘दुकानदाराकडून लिहून आणा’ असे सांगितले गेले, तेव्हा आम्हांला हे २०६ वे कलम आठवले ते यासाठी.

वास्तविक मूळ न्यायाबद्दल वाद नव्हताच. सुप्याच्या दंग्याआधी तीनच वर्षे, १८७२ साली, करारांचा कायदा झाला. त्याच्या ७२ व्या कलमात स्वच्छ म्हटले आहे की, ज्याला चुकीने अथवा दडपणाने पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. हे कलम आजही लागू आहे. देणाऱ्याने गयावया करावी असे त्यात कोठे नाही. बोजा घेणाऱ्यावर आहे. मग सुप्याच्या कुणब्याला त्याचा काय उपयोग झाला? काही नाही. कारण पैसे दोनदा दिले हे आधी सिद्ध व्हावे लागे, आणि सिद्ध करण्याचे साधन, म्हणजे वही, दुसऱ्याच्या पेटीत.

येथे आमच्या इंदापूरच्या श्रोत्यांना त्यांच्याच तालुक्याचा दाखला दिला पाहिजे. १८३० च्या आसपास पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची जमीनमोजणी लागू झाली. कागदावर ती मोठी शास्त्रशुद्ध. पण प्रत्यक्षात मोजणीदारांनी लाच खाऊन बऱ्याला वाईट आणि वाईटाला बरे लिहिले. आकार न झेपून शेतकरी जमिनी टाकून गेले. ही चूक कोणी निस्तरली? प्रत्येक रयतेने आपापला पुरावा घेऊन पुण्याला यावे, असे सरकारने म्हटले नाही. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी इंदापुरात आले, त्यांनी नव्याने मोजणी केली, दर खाली आणले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. पडीक जमिनी पुन्हा वाहितीला आल्या. इंग्रज सरकार दयाळू होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ओस रानातून महसूल येत नाही हे त्याला कळले होते इतकेच. पुढे तीस वर्षे भरताच, १८६७ च्या सुमारास, त्याच इंदापुरात फेरआकारणी होऊन बोजा निम्म्याहून अधिक वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले, आणि दंग्याचे सरपण तयार झाले. पण पहिल्या खेपेचा दाखला खोटा ठरत नाही. खाते ज्याच्या ताब्यात होते त्याने आपल्या खर्चाने दारात येऊन ते दुरुस्त केले होते.

दंग्यानंतर चौकशी समिती बसली, आणि १८७९ चा सतरावा कायदा, दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा, पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कैदेतून सुटका, गावचे मुन्सफ, समेट घडविणारे पंच असे त्यात पुष्कळ आहे. त्यावर वेगळे व्याख्यान होईल. आमच्या विषयाला दोन गोष्टी पुरेत. पहिली ही की, कोर्टाने खताच्या मागे जावे. कुळाने कर्ज कबूल केले असले तरीसुद्धा व्यवहार पहिल्यापासून तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे. दुसरी गोष्ट साधी, पण आमच्या मते अधिक मोलाची. पैसे देताच कुळाला लेखी पावती मिळालीच पाहिजे. वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे. आणि मागितल्यास पासबुक मिळून त्यात वेळोवेळी नोंद झाली पाहिजे. न दिल्यास सावकाराला शंभर रुपयांपर्यंत दंड.

कायद्याने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच ओट्यावर जायचे असल्याने पावती मागायला कूळ कचरे. सावकारांनीही गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट काढली. न्यायमूर्ती रानडे या कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते आणि चार जिल्ह्यांतील कोर्टांचे काम त्यांच्या नजरेखालून जाई. त्यांच्यासारखा मनुष्य असूनही कागदातला डाव आणि खेड्यातली भीती एकदम संपली नाही. तरीपण तत्त्व रुजले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात वह्या ठेवणे आणि हिशेबाचे उतारे देणे हे सावकाराचे कर्तव्य ठरले. २०१४ साली महाराष्ट्राने सावकारीचा नवा कायदा केला, त्यातही ते आले.

काही मंडळी म्हणतील, सावकाराची लबाडी आणि यंत्राची चूक एका पारड्यात कशी? दुकानदार काही चोर नाही, बँकही नाही. हे आम्हांला मान्य आहे. आम्ही कामगारांच्या पगारातल्या चुका तीस वर्षे पाहत आलो. त्यातल्या बहुतेक खरोखरच चुका असतात. पण दोनदा पैसे गेलेल्या माणसाच्या घरी त्या महिन्यात काय होते ते चुकीच्या कारणावरून ठरत नाही. आणि आमचा अनुभव असा की, चूक मालकाच्या नुकसानीची असेल, तर ती पुढच्या पगारात दुरुस्त होते. कामगाराच्या नुकसानीची असेल, तर अर्ज करावा लागतो.

आता त्या कार्डाकडे वळू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा अडकलेल्या व्यवहारांबद्दल मुदती घालून दिल्या. दुकानात कार्ड वापरले, खात्यातून पैसे गेले, पण दुकानाच्या यंत्रावर खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांच्या आत ते पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. १८७९ मध्ये पावती न देणाऱ्याला दंड शंभर रुपयांपर्यंत, आणि २०१९ मध्येही आकडा शंभरच. त्या काळचे शंभर आणि आजचे शंभर यांची तुलना श्रोत्यांनी मनातच करावी. पण दोन्ही वेळा यंत्राने होकार दिला आणि दोन्ही रकमा दुकानदाराच्या खात्यात पडल्या, तर तो अडकलेला व्यवहार राहात नाही. तेथे ते जुने ७२ वे कलमच कामी येते, घेतले त्याने परत करावे. तेव्हा कोणाकडे जायचे हे पैसे कोठे आहेत यावर ठरते, आणि पैसे कोठे आहेत हे ग्राहकाला दिसूच शकत नाही. ते बँकेला दिसते. म्हणून आमचे म्हणणे असे की, शोधण्याचे काम बँकेचे, दुकानदारापाशी निघाले तर परत करण्याचे काम त्याचे, आणि ग्राहकाने एक बिल आणि खात्यातल्या दोन नोंदी दाखवल्या की त्याचे काम संपले पाहिजे.

आम्ही नेमके हेच एका पानावर लिहिले, बिलाची आणि पासबुकाची नक्कल जोडली, आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. तेव्हा कोठे बँकेने शोध केला. पहिली रक्कम दुकानदाराकडे गेलीच नव्हती. ती मधल्याच एका खात्यात पडून होती. दुकानदार खरे बोलत होता आणि तरीही महिनाभर आमच्या सभासदाच्या शिव्या खात होता. सौद्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी ६४,५०० रुपये परत आले. भरपाई मात्र आपोआप आली नाही. पाचाच्या वरचे छत्तीस दिवस, म्हणून ३,६०० रुपये, असा दुसरा अर्ज करावा लागला. ती रक्कम लग्नाच्या आदल्या आठवड्यात जमा झाली, आणि सभासदांनी पासबुक छापून आणून आम्हांला ती ओळ दाखवली.