तळटीप १४ : ‘सांस्कृतिक भांडवल’

१४. ही संज्ञा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू (१९३०–२००२) यांची. पैशाप्रमाणे अभिरुचीही घरातूनच वारशाने येते आणि पुढे उपजत म्हणून मिरवली जाते, हा त्यांच्या ‘ला दिस्तँक्सियों’ (१९७९) या ग्रंथाचा गाभा. त्यासाठी १९६०च्या दशकात १,२१७ जणांना आवडीनिवडी विचारल्या होत्या. संगीतात प्राध्यापकांचा ओढा बाखकडे निघाला, कामगारांचा ‘ब्लू डॅन्यूब’कडे. जेवणातही तेच : कामगाराकडे पोटभर आणि सढळ, वरच्यांकडे बेताचे पण देखणे वाढलेले. (बुर्द्यू स्वतः बेआर्नमधल्या खेड्यातले, टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र.) लेखकाने येथे संज्ञेचा अर्थ नुसता ‘शिक्षण’ असा घेतला आहे, तो अपुरा वाटतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या पदवीधरालाही आपल्याकडे हसतातच. – संपा.