सैनिकी बांधकाम व निवास, रायगड किनाऱ्यावरील

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनाऱ्यावरील दुर्ग, त्यांवरील शिबंदी व तिचा निवास यांसाठी राज्यसत्तेने केलेली द्रव्याची तरतूद. तट बांधण्याचा खर्च एकदाच मंजूर करता येतो. पण तटामागील माणसांचे वेतन, धान्य व निवारा यांचा खर्च अखंड चालतो. या दोहोंचा मेळ घालणे हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

शिवकालात मंजुरीचा अधिकार छत्रपतींकडे होता. इ. स. १६७१–७२ च्या एका जाबत्यात गडकोटांच्या इमारतींसाठी १,७५,००० होनांची नेमणूक आढळते. त्यांपैकी ५०,००० होन एकट्या रायगडासाठी, तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग या जलदुर्गांसाठी प्रत्येकी १०,००० होन होते. दुर्गाच्या महत्त्वानुसार रक्कम आधी ठरवून देण्याची ही पद्धत आजच्या अंदाजपत्रकाशी साम्य दाखविते.

मंजुरी झाली, तरी रक्कम व रसद जागेवर पोहोचतेच असे नाही. मुरूडजवळच्या कांसा बेटावर सिद्दीच्या जंजिऱ्यासमोर पद्मदुर्गाची उभारणी चालू असताना त्याच्या मदतीस असलेल्या आरमाराला पैसा व धान्य पुरविण्याचा हुकूम प्रभावळीच्या सुभेदारास दिला होता. सुभेदार जिवाजी विनायक याने तो पाळला नाही. तेव्हा जानेवारी १६७५ च्या पत्रात शिवाजी महाराजांनी त्याची कडक कानउघाडणी केली. ऐन प्रसंगी रसद अडविणे म्हणजे शत्रूला साहाय्य करणे होय, असा त्या पत्राचा रोख आहे. खांदेरीवर १६७९ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या जहाजांचा पहारा चुकवून किनाऱ्यावरून लहान होड्यांतून सामान न्यावे लागले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे काम १६८० मध्ये हाती घेण्यात आले व संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत ते पुरे झाले.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात या अनुभवाला नियमाचे रूप मिळाले. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, तसेच गडावर राजमंदिराखेरीज मोठ्या इमारतीचे घर बांधू नये, असे ते सांगते. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरील प्राप्तीवर त्याची भिस्त ठेवू नये, असाही त्यात दंडक आहे. कारण तशा प्राप्तीसाठी व्यापाऱ्यांना उपद्रव होतो आणि बंदरे बुडतात. पुढे १७१३–१४ च्या सुमारास कान्होजी आंग्रे व बाळाजी विश्वनाथ यांच्यात झालेल्या समझोत्याने दहा जंजिरे व सोळा किल्ले आंग्र्यांकडे राहिले. त्यामुळे या किनाऱ्याच्या रक्षणाचा भार बव्हंशी सरखेलांच्या स्वतःच्या मुलखावर पडला. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि ही व्यवस्था संपुष्टात आली.

ब्रिटिश अमदानीत लोकप्रतिनिधी आले, पण लष्करी थैली त्यांच्या हाती आली नाही. १९१९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मध्यवर्ती विधिमंडळात संरक्षणखर्च मतदानाबाहेर ठेवला होता; सभासद त्यावर टीका करू शकत, कपात मात्र करू शकत नसत. लष्करी बांधकामे पाहणारी सैनिकी अभियांत्रिकी सेवा १९२३ मध्ये स्थापन झाली, तीही याच चौकटीत.

१९५० च्या संविधानाने हा अधिकार लोकसभेस दिला. अनुदानाची मागणी ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते; वाढवू शकत नाही. विनियोजन कायद्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही. उरणजवळच्या करंजा येथील नौदलाच्या शस्त्रागारासारख्या आस्थापनांचा खर्च याच मार्गाने भागतो. १९९३ पासून संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती मागण्यांची छाननी करते, तर नियंत्रक व महालेखापरीक्षक झालेला खर्च तपासतात. विवाहित सैनिकांच्या घरांसाठी २००२ मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली. मात्र वर्षअखेर न खर्चलेली रक्कम व्यपगत होते. त्यामुळे अनेक वर्षे चालणाऱ्या बांधकामाला दर वर्षी नव्याने तरतूद लागते. मंजुरीचा अधिकार राजाकडून लोकसभेकडे गेला असला, तरी मंजूर झालेला पैसा वेळेवर पोहोचविण्याची पद्मदुर्गाच्या वेळची अडचण आजही सैनिकी बांधकामाची कसोटी ठरते.